शेवटचे शंभर हात

गेल्या हिवाळ्यात आपण सगळे फुवैरितच्या किनाऱ्यावर सहलीला गेलो होतो, ती सहल बहुतेकांच्या लक्षात राहिली आहे ती दोन कारणांनी. एक म्हणजे मसालेभात, आणि दुसरे म्हणजे माझी फजिती. आदले दोन दिवस शमाल वारा जोरात वाहिला होता. शुक्रवारी सकाळी वारा पडला, ऊन छान आले, पण समुद्र काही अजून निवळला नव्हता. आपल्यापैकी एकाने मासे पकडण्यासाठी नवी घेतलेली प्लास्टिकची कयाक गाडीच्या टपावर बांधून आणली होती. मी मूळचा मालवणकडचा. "काका, तुम्ही तर दर्यावरचे माणूस," असे दोघे-तिघे म्हणाले आणि मी त्या कौतुकाला भुललो.

जाताना कसाबसा लाटांच्या पलीकडे गेलो. परत येताना किनारा वीस-पंचवीस हातांवर राहिला असेल. मागून आलेल्या लाटेने कयाकची मागची बाजू उचलली, कयाक गर्रकन आडवी झाली आणि मी पाण्यात. पाणी जेमतेम कमरेइतके. उठून उभा राहिलो, हसलो, मुलांच्या दिशेने हात हलवला. तेवढ्यात पुढच्या लाटेने लोटलेली कयाक येऊन माझ्या गुडघ्यावर आदळली. पुढचे तीन आठवडे मी लंगडत कामावर जात होतो. मुले पोट धरून हसली, त्यांचे काही चुकले नाही. मला मात्र हसू येत नव्हते, कारण वयाच्या आठव्या वर्षी मला समुद्राबद्दल जो पहिला नियम शिकवला गेला तोच मी मोडला होता. होडी आणि किनारा यांच्या मध्ये कधी उभे राहायचे नाही.

संपादक म्हणाले, "पाय बरा होईपर्यंत यावर काहीतरी लिहून द्या." म्हणून हा लेख. माझ्या फजितीपेक्षा तिच्यामागचा इतिहास फार मोठा आहे, आणि तो आपल्या कोकणातून थेट या आखाती किनाऱ्यापर्यंत येतो.

हा नियम मला शिकवला तो आमच्या शेजारच्या आबांनी. आबा तांडेल होते. आमचा किनारा उघडा, समोर बेट नाही की खडकांची आडभिंत नाही. मालवण बंदरापुढे सिंधुदुर्गाचे कुरटे बेट आणि खडक आहेत, त्यांच्या आडोशाला होड्या निवांत उभ्या राहतात. आमच्याकडे ती चैन नव्हती. होडी पुळणीवरून ढकलायची आणि पुळणीवरच परत आणायची. आबा म्हणत की समुद्रात कोणी मरत नाही, मरतात ते दारात. मला लहानपणी हे उलटे वाटायचे. पुढे मी शाळेत असतानाच आमच्या वाडीतला एक तरुण गेला, तोही भर समुद्रात नव्हे. संध्याकाळची वेळ होती, होडी परत येत होती, शेवटच्या लाटेत ती आडवी झाली आणि तो होडीच्या किनाऱ्याकडच्या अंगाला पडला. त्याची आई ओट्यावरून बघत होती. इतक्या जवळ.

म्हणून या लेखाला शेवटचे शंभर हात असे नाव दिले. खोल पाण्यात लाट होडीला वर उचलते आणि खाली ठेवते, पुढे नेत नाही. कारण तिथे पाणी चालत नसते, पाण्याचा आकार चालत असतो. किनाऱ्याजवळ तळ वर येतो, लाटेचा पाय अडखळतो आणि डोके पुढे पडते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे तीन फुटांची लाट चार फूट पाण्यात फुटेल, जिथे माणूस उभा राहू शकतो आणि म्हणूनच बेसावध असतो. फुटल्यावर मात्र पाणी खरोखरच चालू लागते, आणि वाटेत जे येईल ते घेऊन चालते.

दुसरी गोष्ट म्हणजे लाटा एकसारख्या येत नाहीत. काही मोठ्या लागोपाठ येतात, मग थोडा वेळ लहान येतात. आबा होडी पाण्याला लावून नुसते उभे राहायचे. आम्हा पोरांना वाटायचे, म्हातारा घाबरला. ते मोजत असायचे. मोठ्या लाटांची रांग संपली की एकदम आरोळी, सगळ्यांचे खांदे होडीला, नाळ सरळ समुद्राकडे, आणि वल्ही पडायला सुरुवात. त्या वेळी अर्धवट जोर चालत नाही. समोरून येणाऱ्या लाटेत होडी थांबली की लाट तिला मागे लोटते, आणि मागे जाणारी होडी आडवी होते.

हे ज्ञान फक्त कोकणचे नाही. इंग्लंडात १८२४ साली बुडत्यांचे प्राण वाचवण्यासाठी जीवरक्षक नौकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्या संस्थेने किनाऱ्यावरच्या होडीवाल्यांचा अनुभव गोळा करून फुटत्या लाटांत वल्ह्यांची होडी कशी हाकावी याचे नियम छापले, आणि एकोणिसाव्या शतकात ते दर्यावर्दींच्या हातपुस्तकांतूनही फिरले. नियम वाचले की आबांचाच आवाज ऐकू येतो. बाहेर जाताना वेग हवा. शक्यतो लाट नेमकी फुटत असताना तिच्या तोंडी जाऊ नये. परतताना मात्र वेग हाच शत्रू, कारण मागची लाट होडीला पुढे फेकते, नाळ पाण्यात रुतते आणि मागची बाजू फिरते. म्हणून मोठी लाट मागून आली की उलटी वल्ही मारून तिला खालून जाऊ द्यावे आणि तिच्या पाठीवरून पुढे सरकावे. किंवा होडीच्या मागे दोरीला कापडी पिशवी बांधून ती पाण्यात ओढत न्यावी, म्हणजे मागची बाजू जागेवर राहते. नाहीतर सरळ होडीच फिरवून तोंड समुद्राकडे करावे आणि मागे मागे किनाऱ्याला यावे.

त्यात एक बारकावा आहे, तो मला फार आवडतो. किनारा सपाट असेल तर होडी टेकेपर्यंत सरळच ठेवायची. किनारा उतरता आणि उंच असेल तर वेगाने यायचे आणि अगदी शेवटच्या क्षणी मुद्दाम आडवे व्हायचे, म्हणजे लाट होडीला उचलून कोरड्या वाळूवर टाकते. एका किनाऱ्यावरचे शहाणपण दुसऱ्या किनाऱ्यावर मूर्खपणा ठरते ते असे.

त्यामुळेच प्रत्येक किनाऱ्याने आपापली होडी घडवली. कोकणातल्या लहान होडीला एका बाजूला दोन आडव्या दांड्यांवर लाकडाचा एक तरंगता ओंडका जोडलेला असतो, तिला आपण उलांडी म्हणतो. अरुंद होडी लाटेत कलंडू नये म्हणून ही तजवीज. आपल्याला ती इतकी परिचयाची की तिचे नवल वाटत नाही. पण अशी उलांडी भारताच्या फार थोड्या किनाऱ्यांवर आढळते, आणि जगात ती मुख्यतः इंडोनेशियापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत पसरलेली आहे. मद्रास सरकारच्या मत्स्यखात्यात काम केलेले जेम्स हॉर्नेल यांनी १९२० साली भारतीय होड्यांच्या घडणीवर प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी हे धागे पूर्वेकडच्या दर्यावर्दी लोकांशी जोडले आहेत. त्यांचे सगळे तर्क आज मान्य होतीलच असे नाही. पण माझ्या गावच्या होडीचे नातेवाईक हवाईपर्यंत असावेत, ही कल्पना मला तरी सुखावून जाते.

मद्रासची गोष्ट आणखी वेगळी. ईस्ट इंडिया कंपनीने १६३९ साली तिथे ठाणे मांडले तेव्हा बंदर असे काही नव्हतेच, फक्त सरळसोट किनारा आणि त्यावर बाराही महिने फुटणाऱ्या लाटा. पुढची सव्वादोनशे वर्षे जहाजे लांब नांगरून उभी राहत आणि गव्हर्नरापासून घोड्यापर्यंत सगळे काही मसुला नावाच्या होडीतून किनाऱ्याला येई. या होडीत खिळा नाही आणि आतला सांगाडाही नाही. फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या. वाळूवर आपटली की लाकडी पेटीसारखी फुटण्याऐवजी ती टोपलीसारखी दबते. बरोबर कट्टुमरम घेऊन माणसे जात, म्हणजे एकत्र बांधलेले चार-पाच ओंडके, आणि कोणी पाण्यात पडलाच तर तेच त्याला उचलत. जहाजांची पत्रे हे लोक डोक्यावरच्या उंच टोपीत कोरडी ठेवून नेत. पुढे बंदर बांधायला घेतले तेव्हा १८८१ च्या चक्रीवादळाने त्याची बरीच मोडतोड केली. साहेबाच्या दगडी भिंती वादळात पडल्या, शिवलेली होडी मात्र आणखी बरीच वर्षे टिकली.

शिवलेल्या होडीचा विषय निघाला की आपण आखातात येतोच. मार्को पोलोने होर्मुझला अशी जहाजे पाहिली आणि त्यांना नावे ठेवली. इब्न बतूता मात्र अधिक समंजस. चौदाव्या शतकात त्याने लिहून ठेवले की या समुद्रात खडक फार, लोखंडी खिळ्यांचे जहाज आपटले की फुटते आणि काथ्याने शिवलेले लवते. तो काथ्या आपल्याच बाजूचा. अरबस्तानात खजूर आहे, नारळ जवळजवळ नाही आणि जहाजाजोगे लाकूडही नाही. सागवान आणि काथ्या मलबारहून येत. एका ओंडक्यातून कोरलेल्या लहान होड्या, ज्यांना इकडे हूरी म्हणतात, त्याही तयार होऊन तिकडूनच येत. आपण नोकरीसाठी इथे येण्याच्या कितीतरी शतके आधी आपल्या किनाऱ्याची झाडे इथे नोकरीला होती.

ज्यांना मलबारचे लाकूड परवडत नसे त्यांनी काय करावे? याचे उत्तर म्हणजे शाशा, आणि या लेखात मला खरे सांगायचे आहे ते तिच्याबद्दल. (अरबीत टीव्हीच्या पडद्यालाही शाशा म्हणतात, त्यामुळे ऑफिसातल्या एका ओमानी सहकाऱ्याला मी विचारले तेव्हा आधी पाच मिनिटे आमचा घोळ झाला.) ओमानचा बातिना किनारा आणि त्याला लागून असलेला फुजैराचा किनारा ओमानच्या आखाताकडे उघडा आहे, तिथे अरबी समुद्राची लाट येते. तिथले कोळी खजुराच्या झावळ्यांचे मधले दांडे सोलून, भिजवून, दोरीने एकाला एक बांधून दहा-बारा फुटांची होडी करत. पोटात झावळ्यांचे जाड बुंधे आणि साली भरायच्या. ही होडी पाणी अडवतच नाही. लाट आली की पाणी तिच्यातून आरपार जाते, वरून आले तर खालून निघून जाते. ती बुडत नाही, कारण तिच्यात भरायला पोकळी नाही. वजनाला हलकी, म्हणून दोन माणसे ती लाटेबाहेर ओढून आणू शकतात. मात्र झावळी पाणी पिते, त्यामुळे तिला अधूनमधून वाळूवर टाकून उन्हात सुकवावे लागते आणि तिचे आयुष्यही थोडे. पुढे पुढे बुंध्यांच्या जागी पॅकिंगचा पांढरा थर्मोकोल भरू लागले. मग फायबरच्या होड्या आल्या आणि शाशा बहुतेक संग्रहालयांत आणि उत्सवांत गेली.

आता ती प्लास्टिकची कयाक आठवा. मूळ कयाक उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची, कातड्याची, आणि तिचे तत्त्व अगदी उलटे: माणूस होडीत घट्ट बंद, पाण्याचा थेंब आत येता कामा नये, कारण तिथले पाणी माणसाला मारते. पण १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात टिम निमिएर यांनी वर उघड्यावर बसायची कयाक बनवली. आत बंद पोकळी, वर बसायला खाच, आणि त्या खाचेतून आरपार खाली जाणारी भोके. लाट अंगावर येते, भोकांतून निघून जाते. उपसायला काही नाही. मासे पकडायला आज आपण ज्या घेतो त्या बहुतेक याच वंशाच्या. कट्टुमरम आणि शाशा यांनी जे तत्त्व ओंडक्यांत आणि झावळ्यांत साधले तेच हे, फक्त प्लास्टिकमध्ये. फुजैराच्या कोळ्याला ही कयाक दाखवली असती तर त्याने मान डोलावून विचारले असते की सुकवायला किती वेळ लागतो.

कतारमध्ये शाशाची फारशी गरज पडली नसावी, आणि त्याचे कारण माझ्या गुडघ्याशी जोडलेले आहे. आपल्या समोरचे हे आखात उथळ आहे, सरासरी खोली साधारण ३५ मीटर. तीन बाजूंनी बंद. आपल्या कोकणात येणारी लाट कुठल्या कुठे दूर जन्मलेली असते, वाटेत तिची घडी नीट बसते, दोन लाटांत दहा-बारा सेकंद किंवा त्याहून जास्त अंतर असते. इथली लाट इथल्याच वाऱ्याने उठवलेली. बुटकी, पण एकीच्या पाठीवर दुसरी, मध्ये चार-पाच सेकंदही नसतात. मी फुवैरितला आबांसारखा थांबलो, मोजलेही. पण मोजले ते मालवणच्या घड्याळाने. लाट गेली, आता उठून हात हलवायला वेळ आहे, असे माझ्या अंगाला वाटले. तो वेळ नव्हता.

इथल्या लोकांची अडचण फुटत्या लाटेपेक्षा उथळ पाण्याची होती. ओहोटीला पाणी दूर जाते, मोठी होडी काठाला लागत नाही, माणसे गुडघाभर पाण्यातून चालत जातात. मोत्यांच्या मोसमात, म्हणजे ऐन उन्हाळ्याचे चारेक महिने, दोहा, वक्रा, अल खोर इथली होडकी समुद्रात असत. निघण्याच्या दिवसाला दश्शा म्हणत, म्हणजे प्रवेश. परतण्याच्या दिवसाला गुफ्फाल. त्या दिवशी होड्या एकत्र परतत आणि सगळे गाव किनाऱ्यावर जमे. पुरुषांना परतायला उशीर होऊ लागला की खाडीकाठच्या स्त्रिया पेटती झावळी समुद्राच्या पाण्यात बुडवून त्याला विनवण्या करत, अशी प्रथा सांगतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला नारळ देतो आणि शांत हो म्हणतो, इथे चटका देऊन सोड म्हणतात. दोन्हीकडे बोलणारी माणसे मात्र वाळूवरच उभी.

ते मोती पुढे जात ते आपल्या मुंबईच्या बाजारात. इथे व्यवहार रुपयांत चाले. रिझर्व्ह बँकेने १९५९ साली खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि कतारमध्ये १९६६ पर्यंत त्या चालल्या. पण तोवर मोत्यांचा धंदा संपला होता. जपानचे शेतीतले मोती आणि १९२९ नंतरची जागतिक मंदी यांनी तो मोडला, दुखानला १९३९-४० च्या सुमारास तेल लागले, १९४९ साली तेलाची निर्यात सुरू झाली, आणि होडी ओढणारे हात तेलाच्या कामाला लागले. त्यानंतरची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या पासपोर्टांवर शिक्क्यांनी लिहिलेली आहे.

आमच्या गावाचे काय झाले, तेही थोडे सांगतो. फुटत्या लाटेतून होडी काढण्याची खरी शाळा म्हणजे रापण. बांगड्याचा किंवा तारलीचा थवा किनाऱ्याजवळ दिसला की होडी जाळे घेऊन लाटांतून बाहेर जाते, अर्धगोल मारून दुसऱ्या टोकाला परत येते, आणि मग दोन्ही बाजूंनी सगळी वाडी जाळे ओढते. ओढणाऱ्या प्रत्येकाचा त्यात वाटा. थवा तुमच्यासाठी थांबत नाही, त्यामुळे होडी बाहेर काढायला एकच संधी मिळते. यांत्रिक नौका आल्या आणि थवे किनाऱ्यापर्यंत पोचेनासे झाले. गोव्यातले रापणकार १९७० च्या दशकात याविरुद्ध रस्त्यावर उतरले, मातान्ही साल्ढाणा त्यांच्या नेत्यांत होते, आणि १९८० साली गोव्यात सागरी मासेमारीचा कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा, आणि पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालणारा आदेश २०१६ चा. कायदे झाले, भांडणे आजही मिटलेली नाहीत. रापणीच्या होड्या कमी झाल्या तशी आरोळीची वेळ ओळखणारी माणसेही कमी झाली. आबांच्या नातवाकडे आज पर्यटकांना फिरवायची होडी आहे, इंजिनाची. चांगले चालले आहे त्याचे. गेल्या मे महिन्यात मी त्याला विचारले, लाटा मोजतोस का? तो म्हणाला, "काका, इंजिन आसा मा."

इंजिन बंद पडले तर काय, हे मी विचारले नाही. शहाण्या माणसाला सुटीवर आलेल्या दोहावाल्याने शिकवू नये.

पण आपल्या मुलांना सांगायला हरकत नाही, कारण कयाक आता आपल्यापैकी तीन-चार घरांत आहेत आणि थंडी सुरू झाली की त्या बाहेर निघतील. अंगरख्यासारखे तरंगते जाकीट पाणी कमरेइतके असले तरी घालायचे. गळ आणि काठ्या लाटेत शिरण्याआधी आडव्या करून बांधायच्या, कारण उलटलेल्या कयाकवरचा सुटा गळ माणूस आणि मासा असा भेद करत नाही. परतताना लाटेपुढे धावायचे नाही, तिला खालून जाऊ द्यायचे आणि तिच्या पाठीमागून यायचे. कयाक आडवी झालीच तर अंग किनाऱ्याकडे नव्हे, लाटेकडे झुकवायचे आणि वल्ह्याचे पाते फेसावर टेकवायचे. मी नेमके उलटे केले होते. आणि पडलात तर समुद्राच्या बाजूला राहायचे. कयाक गेली तर जाऊ द्या, वाळूवर सापडेल.

यंदाची सहल शमाल संपल्यावर निदान एक दिवस सोडून ठेवावी, असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे. पोचल्यावर लगेच कयाक उतरवायच्या नाहीत. आधी दहा मिनिटे सगळ्या मुलांनी वाळूवर बसून लाटा मोजायच्या: मोठ्या किती, लहान किती, मध्ये किती सेकंद. वही आणि घड्याळ त्यांनी आणावे. चहाचा थर्मास माझ्याकडे.